भिंतीवरच्या रेघा

कोयनेचं पाणी अडलं तेव्हा खोऱ्यातली गावं तळाशी गेली. बरीच माणसं बोचकी बांधून ठाण्याकडे, सोलापूरकडे, जिथं जमीन मिळाली तिथं निघून गेली. काही गेली नाहीत. पाणी चढत गेलं तशी तीही डोंगराला वर सरकत गेली, आणि पाणी जिथं थांबलं त्याच्या थोडं वर त्यांनी पुन्हा चुली मांडल्या. त्या पाण्याला पुढं शिवसागर हे नाव पडलं.

अशाच एका वस्तीची ही गोष्ट.

वस्ती पंचवीस-तीस घरांची. समोर पाणी, पाठीमागं जंगल. बाजाराला जायचं तर लाँच, दवाखान्याला जायचं तरी लाँच. पावसाळ्याचे चार महिने डोंगर धुक्यात बुडालेला, आणि पाऊस असा की अंगणातला माणूस ओटीवरून दिसू नये.

शिवसागराचं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला जातं, पोफळीला डोंगराच्या पोटातल्या वीजघरात उतरतं आणि तिथली यंत्रं फिरवतं. सगळे टप्पे धरले तर कोयनेची क्षमता 1900 मेगावॅटच्या वर जाते. एवढी वीज आपल्या दारातल्या पाण्यावर होते, हे वस्तीतल्या पोराटोरांनाही माहीत होतं. पण वीज काही विहिरीच्या पाण्यासारखी काठावर उभं राहून शेंदता येत नाही. ती मोठ्या मनोऱ्यांवर चढते, लांबच्या उपकेंद्रात जाते, तिथं तिचा दाब उतरवतात, आणि मग 11 हजार व्होल्टच्या साध्या तीन तारांवरून ती खेड्याकडे वळते. ह्या वस्तीच्या तीन तारा घाट उतरून, दाट झाडीतून, खिंड चढून, ओढा ओलांडून येत. वाटेत पाच-सहा वाड्या होत्या. वस्ती अगदी शेवटच्या खांबावर. वाटेत कुठंही काही झालं तरी इथला अंधार ठरलेला.

मृगाचं पहिलं वादळ आलं की वीज जायची. कधी दोन दिवसांनी यायची, कधी आठ दिवसांनी. पहिल्या दिवशी कोणाला काही वाटत नसे. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या डोंगरावरच्या टॉवरची बॅटरी संपे आणि मोबाईलची रेंज जाई. तिसऱ्या दिवशी घरातलं पीठ संपे. वस्तीत एकच गिरणी, तात्यांची. ती बंद पडली की बायका नाचणीचं आणि तांदळाचं बोचकं प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून लाँचनं पैलतीराला जात, आणि परत येताना निम्मं पीठ दमट झालेलं असे. तात्या बंद गिरणीच्या दारात उभे राहून वीज कंपनीच्या नावानं बोटं मोडत. त्यांनी अर्ज दिले होते, निवेदनं दिली होती, एकदा चाळीस माणसं घेऊन कचेरीच्या दारातही बसले होते.

वस्तीच्या टोकाला एका म्हातारीचं घर होतं. तिला सगळे आजी म्हणत. नवरा जाऊन वर्षं झाली होती, मुलगा मुंबईला होता, शाळकरी नात जवळ होती. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तिचा हिशोब पक्का. दुधाचा रतीब घातला की ती चुलीतला कोळसा घेऊन भिंतीवर एक रेघ ओढी. महिना संपला की रेघा मोजून पैसे घेई. एकही रेघ कधी कमी-जास्त झाली नाही.

एकदा वीज कंपनीचे एक साहेब वस्तीवर आले. माणसं जमली. साहेबांनी विचारलं, "वीज किती वेळा जाते?"

"सारखीच जाते!" सगळे एका सुरात म्हणाले.

"म्हणजे किती वेळा?"

"सारखी म्हणजे सारखी!"

साहेबांनी कागदावर 'वारंवार' असं लिहिलं, चहा घेतला आणि ते लाँचनं गेले. पुढं काही झालं नाही.

आजी कोपऱ्यात बसून ऐकत होती. सारखं दूध घातलं म्हणून कोणी पैसे देत नाही, किती रेघा ते सांगावं लागतं, एवढं तिला ठाऊक होतं. तिनं त्या दिवसापासून दुधाच्या रेघांशेजारी विजेच्या रेघा सुरू केल्या.

त्याच वर्षी नवा वायरमन आला. पोरगा माणदेशातला. पाऊस म्हणजे काय हे त्याला माहीत नव्हतं, आणि पाण्याची त्याला भीती वाटे. लाँचमध्ये तो मधोमध बसे आणि दोन्ही हातांनी फळी धरून ठेवी. पण कामाला चोख होता. वीज गेली की तो पैलतीरावरून येई आणि तारेखालून चालत निघे. मान वर, पाय चिखलात, पिंढऱ्यांना जळवा. कुठं फांदी पडलीय, कुठं चिनीमातीचा इन्सुलेटर तडकलाय, कुठं तारा जोडणारा जंपर सुटलाय, हे डोळ्यांनीच शोधायचं. धुकं असलं की खांबाचं टोकही दिसत नसे. मग तो खिंडीतल्या खांबावर चढून जंपर सोडी, म्हणजे लाईनचे दोन तुकडे होत. रेंज येते त्या टेकाडावर जाऊन उपकेंद्राला फोन करी, "अलीकडची चार्ज करून बघा." लाईन धरली तर दोष पलीकडं, नाही धरली तर अलीकडं. एवढंच कळायला त्याचे तीन-चार तास जात. मग पुढचं चालणं.

काम झालं की त्याच्या परतीच्या वाटेवर आजीचं घर लागे. ती त्याला कोरा चहा देई आणि एकच प्रश्न विचारी.

"आज कुठं रं?"

तो सांगे, खिंडीत. आजी कोळसा घेऊन भिंतीपाशी जाई. खिंडीसाठी तिनं दोन तिरक्या रेषा काढल्या होत्या, ओढ्यासाठी नागमोडी रेघ, तात्यांच्या आंब्यासाठी गोल, डीपीसाठी चौकोन. ज्या जागी बिघाड, त्या खुणेखाली एक रेघ. वायरमनला त्याची गंमत वाटे. पण तो प्रत्येक वेळी नेमकी जागा सांगे. फक्त एक जागा सोडून.

त्याचं असं झालं. पहिल्याच पावसाळ्यात एका रात्री फीडर वरचेवर ट्रिप होऊ लागला. वारा आला की लाईन जाई, वारा पडला की धरे, पुन्हा जाई. सकाळी वायरमन शोधत आला तो थेट आजीच्या परड्यात. तिथं बांबूचं मोठं बेट होतं. बाहेरचे बांबू तारेकडं झुकले होते आणि त्यांची शेंड्याची पानं करपून काळी झाली होती. वर तारेवर पांढुरके ठिपके पडले होते. ओला बांबू वाऱ्यानं तारेला टेकला की वीज त्याच्यातून जमिनीत उतरते. उपकेंद्रातला ब्रेकर पडला की माणसं वाचतात. पण सगळ्या खोऱ्यात अंधार होतो, आणि दर ठिणगीला तारेचा एखादा पदर जळतो. असे पदर जळत जळत एक दिवस तार तुटते.

वायरमननं लाईन बंद करून घेतली, अर्थिंग केलं, झुकलेले शेंडे छाटले. मग आजीला सांगावं म्हणून तो ओटीवर आला. तो तोंड उघडणार तेवढ्यात आजीच बोलू लागली.

"बेट बघितलंस? हे आमच्या खालच्या गावातलं. पाणी आलं तेव्हा मी नवी नवरी होते. सगळ्यांनी भांडीकुंडी उचलली. आमच्या ह्यांनी बांबूचा गड्डा खणला, ओल्या पोत्यात बांधला आणि डोक्यावर घेऊन डोंगर चढले. सासूबाई लई बोलल्या. पण बघ, गावाचं म्हणून एवढंच राहिलं. बाकी सगळं पाण्याखाली."

असं म्हणून तिनं आतून एक इरलं आणलं. त्याच बांबूच्या काड्यांचं विणलेलं, वर पानं घातलेलं. "घाल अंगावर. तुमच्याकडं पाऊस न्हाई, तुला सवय न्हाई."

वायरमननं इरलं घेतलं. आजीनं कोळसा उचलला. "आज कुठं रं?"

तो क्षणभर थांबला. "ओढ्यापाशी," तो म्हणाला.

आजीनं नागमोडी रेघेखाली एक रेघ ओढली.

पावसाळ्यात बांबूचा कोंब दिवसाला वीतभर चढतो. शेंडे छाटले तरी महिन्याभरात नवे तयार. वायरमन पुन्हा येई, पुन्हा छाटी, पुन्हा ओटीवर बसे, आणि आजीनं विचारलं की म्हणे, ओढ्यापाशी. एकदा बोललेली गोष्ट फिरवायची कशी, हे त्याला उमगेना. दोन पावसाळे असे गेले. नागमोडी रेघेखाली रेघांचं रान माजलं.

दुसऱ्या वर्षी भादव्यात एका रात्री वस्तीतल्या एका पोराला पान लागलं, साप चावला. वीज नव्हती, तिसरा दिवस होता, सगळ्यांचे मोबाईल मेलेले. लाँचवाला पैलतीरावर. माणसं चुडी पेटवून काठावर धावली आणि हाका मारत राहिली. पावसात चुडी विझत, पुन्हा पेटवत. बऱ्याच वेळानं लाँचवाल्याला उजेड दिसला. पोराला नेलं, दवाखान्यात इंजेक्शनं मिळाली, पोर वाचलं. पण ती रात्र वस्ती विसरली नाही. दुसऱ्या दिवशी वीज आली तेव्हाही आजीनं विचारलं, कुठं? आणि वायरमननं खाली बघत सांगितलं, ओढ्यापाशी.

तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात उपकेंद्राला नव्या अभियंता आल्या. त्या पहिल्यांदाच वस्तीवर आल्या तेव्हा तात्यांनी निवेदनाची जाडजूड फाईल पुढं केली. मॅडमनी ती चाळली. तिच्यात 'वारंवार' होतं, 'त्वरित' होतं, 'अन्यथा आंदोलन' होतं. त्यांनी विचारलं, "लाईन नेमकी कुठं बिघडते हे कोणाला माहीत आहे का?"

नात म्हणाली, "आमच्या भिंतीवर लिहिलंय."

मॅडम आजीच्या घरात आल्या, चपला काढून भिंतीसमोर बसल्या आणि बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग त्यांनी एकेका खुणेचा अर्थ विचारला, रेघा मोजल्या, वहीत उतरवल्या. दोन वर्षांचे सगळे बिघाड मोजक्याच जागांत मावले होते. त्यांनी नोकरीत पुष्कळ रजिस्टरं बघितली असतील. पण त्या दिवशी त्यांनी उठून आजीला नमस्कार केला, हे तिथं असलेल्या सगळ्यांनी बघितलं.

"यंदा माझ्याकडं तीन खांबांचं सामान आहे आणि एक एबी स्विच," मॅडम म्हणाल्या. "स्विच खिंडीत बसवू. मग जंपर सोडायला खांबावर चढायला नको. खालून दांडा ओढला की लाईनचे दोन भाग. पलीकडं बिघाड झाला तर अलीकडच्या वाड्या तरी चालू राहतील. आणि तिन्ही खांब ओढ्यावर घालू. सगळ्यात जास्त दुखणं तिथंच दिसतंय."

लोकांना आनंद झाला. तात्यांनी पहिल्यांदा फाईल मिटली. वायरमन दाराशी उभा होता. तो काही बोलला नाही.

संध्याकाळी तो मॅडमना सोडायला काठावर गेला. उन्हाळ्यानं पाणी खाली उतरलं होतं आणि उघड्या गाळातून जुन्या शेतांच्या बांधांचे दगड वर आले होते. त्याच बांधांवरून चालत दोघं लाँचपाशी पोचले. इंजिन सुरू झालं. दोर सोडायला लाँचवाला वाकला, तेव्हा वायरमन म्हणाला, "मॅडम, थांबा. ओढ्याच्या रेघा खोट्या आहेत."

"आजींनी चुकीच्या ओढल्या?"

"आजींनी बरोबर ओढल्या. मी चुकीच्या सांगितल्या."

मॅडमनी लाँच थांबवायला सांगितली. दोघं पुन्हा डोंगर चढून आले. वायरमन आजीसमोर उकिडवा बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. बेट, करपलेले शेंडे, तारेवरचे ठिपके, पहिल्या दिवशीचा चहा, इरलं. तोवर शेजारीपाजारी जमले होते. कोणी काही बोलेना.

आजी उठली. तिनं एक फडकं भिजवून आणलं आणि नागमोडी रेघेखालच्या सगळ्या रेघा पुसल्या. मग शेजारी तिनं नवी खूण काढली, तीन उभे बांबू. कोळसा हातात घेऊन ती म्हणाली, "आता सांग. एकेक सांग. नागपंचमीच्या आदल्या रात्री गेली होती ती?"

"बेट."

आजीनं बांबूखाली रेघ ओढली.

"गौरी आल्या त्या दिवशी?"

"ती खरंच ओढ्यापाशी."

ती रेघ ओढ्याखाली गेली.

"घटस्थापनेला?"

"बेट."

तिला सगळ्या तारखा पाठ होत्या, सणावारांनी, गाय व्यायल्याच्या दिवसांनी, पाहुणे आल्या-गेल्याच्या खुणांनी. वायरमनला जागा पाठ होत्या. असं एकेक करत दोन पावसाळे त्यांनी भिंतीवर पुन्हा मांडले. शेवटी आजी थांबली. कोळसा तसाच हातात.

"आणि पोराला पान लागलं त्या रात्री?"

वायरमननं मान खाली घातली. "बेट, आजी."

आजी भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. मग तिनं ती रेघ ओढली. इतर रेघांपेक्षा लांब नाही, जाड नाही, तेवढीच.

"मला का न्हाई सांगितलंस?"

"तुमचा जीव आहे त्यात."

"हाय की. पण जीव त्या पोरालाबी व्हता."

मॅडमना दोघांचीही कणव आली. त्या म्हणाल्या, "आजी, आपण तार हलवायचा प्रस्ताव करू. खालच्या अंगानं नेता येईल. फक्त परवानग्या लागतील, वेळ जाईल."

"किती वेळ?"

"दोन वर्षं, तीन वर्षं. सांगता येत नाही."

"तोवर कुठं रेघा ओढू? भिंत पुरायची न्हाई." आजी पदराला हात पुसत म्हणाली, "तार राहू दे. बेट मी हलवते."

तात्या म्हणाले, "आजे, एवढं जुनं बेट हलतं होय?"

"एकदा हललंय," आजी म्हणाली.

तिनं एकच अट घातली. बांबू अंधाऱ्या पक्षात तोडायचा. उजेड्या पक्षात तोडलेल्या बांबूला भुंगा लागतो असं जुनी माणसं सांगत, आणि एकही काठी वाया जाऊ नये असं तिला वाटत होतं. मॅडमनी पंचांग बघून शटडाऊनची तारीख ठरवली. माझ्या मते ह्या गोष्टीतलं हे फार मोठं काम आहे. तारीख कचेरीच्या सोयीनंही ठरवता आली असती.

मृगाच्या आधी, वैशाखाच्या वद्य पक्षात, वस्तीतली सगळी माणसं आजीच्या परड्यात जमली. आधी वायरमननं लाईन बंद झाल्याची खात्री केली, तिन्ही तारांना अर्थिंगच्या साखळ्या लावल्या आणि मगच कोयता चालवायला सांगितला. तारेच्या बाजूचं निम्मं बेट उतरवायला सकाळ गेली. जुने पिवळे बांबू वेगळे, कोवळे हिरवे वेगळे. कणग्यांना, माचाला, गोठ्याच्या कुडाला, ज्याला जे हवं ते आजीनं वाटून टाकलं. दुपारनंतर पहारी आणि कुदळी लागल्या. बांबूची मुळं एकमेकांत अशी गुंतलेली की एक गड्डा सुटायला चार माणसं लागत. आजी काठावर बसून कोणता गड्डा घ्यायचा ते दाखवत होती. "तो नको, तो म्हातारा झाला. त्याच्या शेजारचा घे, त्याला डोळे हायेत."

पाच गड्डे निघाले. आजीनं पोती भिजवून आणली होती. वायरमननं एक गड्डा पोत्यात बांधला, डोक्यावर घेतला आणि तो खाली निघाला. पाणी भरतं त्या रेषेच्या वर, तारेपासून लांब, आजीची एक पडीक पट्टी होती. तिथं खड्डे तयार होते. गड्डे लावले, माती दाबली, बायकांनी शिवसागराचं पाणी कळशीनं आणून घातलं. तारेपासून दूर होतं ते निम्मं बेट आजीनं वर तसंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वायरमन परत जायच्या तयारीत होता, तेव्हा तात्या ओटीवर आले. बराच वेळ ते नुसते बसून राहिले. मग म्हणाले, "माझ्या आंब्याची ती मोठी फांदी. गोलाखाली सात रेघा आहेत, मी मोजल्या. दोन वर्षं मी तुला हात लावू दिला नाही. काढून टाक."

तात्यांच्या मागून आणखी एक जण आला, त्याचा फणस होता. एकीनं सांगितलं की तिच्या दोरीवरचं प्लास्टिक वाऱ्यानं उडून खिंडीतल्या तारेत अडकतं, ती आता बांधून ठेवील. वाटेतल्या वाड्यांना कळलं, तिथूनही निरोप आले. जंगलातल्या झाडांसाठी मॅडमनी वनखात्याकडून फांद्या छाटायची परवानगी आणली. तीन खांबांपैकी एक ओढ्यावर घातला, कारण तिथल्या रेघा थोड्या असल्या तरी खऱ्या होत्या. दोन झाडीतल्या लांब गाळ्यांत गेले. तडकलेले इन्सुलेटर बदलले. खिंडीत स्विच बसला.

तार तुटते एका जागी, आणि अंधार पडतो सगळीकडं. म्हणून नुसत्या अंधाराकडं बघून तुटलेली जागा सापडत नाही, कितीही ओरडलं तरी. कोणीतरी पायानं चालत जाऊन ती बघावी लागते, बघितलेली तशीच्या तशी सांगावी लागते, आणि ज्याच्या परड्यात ती निघते त्याला ती ऐकून घ्यावी लागते. वायरमननं मायेपोटी एक जागा झाकली, आणि त्या मायेचा अंधार दुसऱ्याच घरातल्या पोराच्या वाट्याला आला. कोणाला दुखवू नये म्हणून आपण अशा किती जागा झाकतो. ऐकणारं माणूस ते पेलणार नाही, असं आपणच ठरवून टाकलेलं असतं.

त्या वर्षीही पाऊस जोराचा झाला. वीज गेलीच नाही असं नव्हे. आषाढात दरड कोसळून झाडीतला एक खांब पडला आणि सगळं खोरं दोन दिवस अंधारात राहिलं. पण पूर्वी जे आठ-आठ दिवस चाले ते आता बहुतेक वेळा त्याच दिवशी आटपे. खिंडीपलीकडं बिघाड झाला तर अलीकडच्या वाड्यांना त्याचा पत्ताही लागत नसे.

श्रावणात एका रात्री वीज गेली. अजून टॉवर चालू होता. वायरमननं पैलतीरावरून फोन केला. नातीनं उचलला.

"आजी म्हणते, ओढ्याच्या अंगाला निळा जाळ दिसला. बेटाकडं नाही. तिनं दोनदा बघितलं."

"नक्की?"

फोन आजीनं घेतला. "नक्की. तात्याच्या आंब्याच्या पलीकडं, नवा खांब हाय तिथं. तात्या बॅटरी घेऊन वाटेवर उभा हाय, कोणाला खालून जाऊ देत न्हाई. तू खिंडीत जाऊ नको, सरळ इकडंच ये."

तासाभरात तो ओढ्यावर पोचला. नव्या खांबावरचा जंपर सुटला होता. तो घट्ट करून, लाईन चार्ज करून तो आजीच्या ओटीवर आला तेव्हा तात्या आधीच गिरणी उघडायला गेले होते, तीन घरांचं दळण साचलं होतं म्हणून. आजीनं चहाचा कप पुढं केला आणि कोळसा नातीच्या हातात दिला.

"जंपर," वायरमन म्हणाला. "मीच बसवला होता. आवळायचा राहिला."

नातीनं ओढ्याखाली रेघ ओढली, आणि तिला लिहिता येत होतं म्हणून शेजारी तसं लिहिलंही.